जाड बाजू वर

आधीच सांगून टाकते, त्या मशीनचं मला नखाएवढंही कौतुक नव्हतं. आता बाहेरचे लोक येतात, त्याच्याभोवती फिरतात, फोटो काढतात आणि मी शेजारी उभी राहून मिरवते. पण पहिल्या दिवशी मी त्याच्याकडे चक्क पाठ करून बसले होते. खोटं कशाला बोलू?

मी हॅचरीत अंड्यांच्या खोलीत काम करते. तीस वर्षं झाली. फार्मवरून अंडी येतात ती कागदाच्या लगद्याच्या ट्रेमध्ये, एका ट्रेत तीस. ती एकेक करून उचलायची, तडा गेलेली बाजूला काढायची आणि चांगली दुसऱ्या, जाळीच्या ट्रेमध्ये लावायची. ते ट्रे सेटरमध्ये जातात. सेटर म्हणजे खोलीएवढं उबदार कपाट, तिथं अठरा दिवस. शेवटचे तीन दिवस हॅचरच्या टोपल्यांत, आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं. "कोंबडी एकटी बसून करते त्याला आपल्याला बारा बायका आणि चार खोल्या लागतात," असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. त्या याच टेबलावर होत्या. मला इथं त्यांनीच चिकटवलं.

अंडं हातात आलं की मी मधल्या बोटानं त्याला टिचकी मारते. धड अंडं टणक वाजतं. केसाएवढा तडा असला तरी आवाज बसका येतो, डोळ्याला दिसत नाही ते कानाला कळतं. तसलं अंडं सेटरमध्ये गेलं की नासतं, कधी आतल्या आत फुटतं आणि शेजारच्या पाच अंड्यांना घेऊन जातं. म्हणून माझ्या टिचकीला इथं मान आहे. मला नावानं कुणी हाक मारत नाही. टिचकी मावशी म्हणतात. मालकसुद्धा.

तर अशी मी, आणि माझी मुलगी म्हणजे हॅचरीतली फिटर. कमरेला कायम पाना लटकवलेला, म्हणून तिला सगळे पानाताई म्हणतात. लहानपणी घरातलं घड्याळ खोलायची, तेव्हा मी धपाटे घालायचे आणि हे हसायचे. हे म्हणजे तिचे बाबा, घरीच शिवणकाम करतात. तिचं डोकं माझ्यावर गेलंय असं हे म्हणतात. कौतुकानं नाही म्हणत.

झालं काय, मागच्या दाराशी आमची कचऱ्याची पिंपं रोज पाच भरायची. नासकी अंडी, टरफलं, ओले झालेले लगद्याचे ट्रे. उन्हात त्यांना असा वास सुटायचा की जेवण जाऊ नये. शेवटी मागच्या वस्तीतले लोक सह्यांचा कागद घेऊन मालकांकडे आले. मालकांनी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाले, "हा कचरा निम्म्यावर आणा. कसा आणायचा ते सांगा."

आम्ही बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघतोय, तोवर माझी ही पुढं झाली.

"एक अंडं फार्मपासून सेटरपर्यंत तीनदा हाताळलं जातं," ती म्हणाली. "तडे तिथंच जातात. धुता येतील असे प्लास्टिकचे ट्रे फार्मवरच देऊ, म्हणजे लगदाही नको. आणि इथं तीस अंडी एका वेळी उचलायचं मशीन मी बनवते. हवेनं ओढून धरणारं. मोठ्या कंपन्यांकडे असतं तसलं, पण आपल्या वर्कशॉपमध्ये होईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांसमोर! म्हणजे तडे आमच्या हातून जातात. माझ्या हातून.

दोन महिने ती वर्कशॉपमध्ये खपत होती. जुन्या पडलेल्या मशीनचा हवेचा पंप काढला, लोखंडी चौकट जोडली, चौकटीला तीस नळ्या आणि प्रत्येक नळीला रबराची वाटी. रबर कडक पडलं, अंडी टिचली. मग कुठून तरी बाळाच्या दुधाच्या बाटलीची बुचं आणली आणि ती कापून लावली. माझी धाकटी जाऊ माझ्या शेजारीच बसते, तिनं लगेच तोंड उघडलं, "काय गं पानाताई, पिल्लू निघायच्या आधीच दूध पाजायला निघालीस का?" सगळ्या हसल्या. मीही हसले, जरा जास्तच. लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ते आठवलं की आजही मला माझाच राग येतो.

शेवटी कुठल्याशा मऊ सिलिकॉनच्या वाट्या मिळाल्या आणि मशीन उभं राहिलं. मालकांनी एक बॅच दिली. सहा हजार अंडी, शंभर ट्रे हातानं, शंभर मशीननं, आणि एकविसाव्या दिवशी दूध का दूध.

त्या संध्याकाळी घरी जुंपली.

"माझ्या हातांच्या जागी रबराच्या वाट्या बसवतेस?" मी म्हटलं. "ज्या हातांनी तुला वाढवलं त्यांच्या?"

"हातांच्या जागी नाही, आई. हातांना आराम. तुझी बोटं सकाळी वळत नाहीत, मला दिसतं."

"माझ्या बोटांचं मी बघीन! बंद पडो तुझं ते धूड!"

तोंडातून शब्द गेला तो गेला. यांच्या शिलाई मशीनचं पायडल थांबलं. ती एकदम शांत झाली. माझी मुलगी ओरडली तर मला भीती वाटत नाही, शांत झाली की वाटते.

"पडलं बंद, तर मी स्वतः ते खोलून भंगारात टाकीन," ती म्हणाली. "आणि नोकरी सोडीन. मालकांना तसं सांगून आलेय. मग बस तू तुझी टिचक्या मारत."

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. घर दोन खोल्यांचं, बाया दोन आणि मधे हे. "बाबा, तुमच्या बायकोला सांगा, किल्ली खिळ्यावर आहे." "तुमच्या मुलीला सांगा, मला डोळे आहेत." यांचं बिचाऱ्यांचं टपाल झालं. एकदा वैतागून म्हणाले, "मी आता दोघींकडून तिकिटाचे पैसे घेणार आहे."

बॅच लावायच्या दिवशी मी मुद्दाम तिच्याकडे पाठ केली. पण पाठीला कान असतात. पंप घुर्र करायचा, चौकट खाली यायची, बटण दाबलं की सुस्स, तीस अंडी एकदम वर, मग जाळीच्या ट्रेवर आली की परत सुस्स, आणि झालं. टिचकण्याचा आवाज म्हणून नाही. माझा चौथा ट्रे होईस्तोवर तिचे वीस झाले. एकदा मान वळलीच. अंडी हवेत लटकत होती आणि ती खालून हात धरून उभी होती, एखादं सुटलं तर झेलायला. एकही सुटलं नाही. मी पटकन तोंड फिरवलं.

अठराव्या दिवशी अंडी सेटरमधून काढली आणि दिव्यासमोर तपासली. माझ्या शंभर ट्रेमध्ये तडा गेलेली आणि त्यानं नासलेली शहाण्णव निघाली. तिच्या शंभर ट्रेमध्ये एकतीस.

मी तो आकडा दोनदा विचारला. शहाण्णव. 'माझ्या हातून अंडं फुटत नाही' असं मी तीस वर्षं सांगत आले होते. ट्रेवर ट्रे ठेवताना, बोट जरा जड पडताना, टिचकी जरा जोरात बसताना, कुठं कुठं गेले असतील ते तडे? मी मागच्या नळाशी जाऊन हात धुतले. उगीचच धुतले.

म्हणजे मशीन जिंकलं, असंच सगळ्यांना वाटलं. तिच्या चालण्यातच फरक पडला होता, कमरेचा पाना टणटण वाजवत फिरत होती.

एकविसाव्या दिवशी पिल्लं मोजली. माझ्या तीन हजारांत दोन हजार पाचशे वीस. तिच्या तीन हजारांत दोन हजार तीनशे सत्तर.

दीडशे पिल्लं कमी.

परत मोजली. तेवढीच. तडे कमी, नासकी कमी आणि पिल्लंही कमी! कुणाला काही कळेना. मालक टोपल्यांमधून दोनदा फिरले आणि म्हणाले, "हवेच्या ओढीनं आत काहीतरी बिघडत असणार. जाऊ दे, पानाताई. प्रयत्न केलास, बास झालं."

धाकटीनं माझ्या पाठीवर थाप मारली. "जाऊबाई, जिंकलो की! आज चहा तुमच्याकडून."

मी तिचा हात झटकला. तेच मागितलं होतं ना मी? धूड बंद पडो म्हणाले होते, पडलं. आता माझी पोर वर्कशॉपमध्ये एकटी जाऊन बसली होती आणि तिच्यासमोर चौकट आडवी केलेली होती. पाना हातात होता. चार नट निघाले होते.

मी दारात उभी राहिले. एकवीस दिवस आम्ही बोललो नव्हतो. अंड्यातून पिल्लू निघायला लागतात तेवढेच दिवस, आणि आमच्यातून काही निघत नव्हतं.

"अगं, थांब," मी म्हटलं. "न फुटलेली अंडी फोडून बघितलीस का?"

ती मान वर न करता म्हणाली, "काय बघायचं त्यात?"

"का मेली ते बघायचं. एवढी मोठी फिटर झालीस, मशीन बंद पडलं तर आधी उघडून बघतेस ना? मग हेही उघड."

न फुटलेली अंडी फोडून बघायची आमच्याकडे रीत आहे. एरवी कोंबड्यांचे डॉक्टर बघतात, पण ते दुसऱ्या दिवशी येणार होते. आम्ही दोघी बादली घेऊन पायरीवर बसलो आणि तिच्या ट्रेमधली एकेक फोडायला लागलो. पहिल्या अंड्यात पूर्ण वाढलेलं पिल्लू. दुसऱ्यात तसंच. पिसं आलेली, चोच आलेली, सगळं जिथल्या तिथं. पाचव्या अंड्याला माझा हात थांबला.

"हे बघ," मी म्हटलं. "डोकं कुठं आहे याचं?"

"टोकाकडे."

"मागचं बघ. त्याचंही टोकाकडे. अगं, डोकं जाड बाजूला पाहिजे! तिथं हवेची पोकळी असते. बाहेर यायच्या आधी पिल्लू तिथं चोच घालून पहिला श्वास घेतं. टोकाशी कुठली आलीय हवा? गुदमरून मेलीत ही." आणि मग माझ्याच तोंडून निघालं, "ही अंडी उलटी लावलीत."

ती ताडकन उठली. "मी नाही लावली उलटी! मशीन अंडं फिरवत नाही, आई. जसं ट्रेत असतं तसं उचलतं आणि तसंच ठेवतं."

"म्हणजे फार्मवरूनच उलटी आली."

"मग तुझ्याकडेही तेच ट्रे आले होते. एकाच गाडीतून. तुझी पिल्लं कशी निघाली?"

मी माझ्या ट्रेमधलीही फोडायला घेतली. वीस-पंचवीस अंड्यांत एखादंच तसं निघालं. "माझ्या हाताखाली उलटं अंडं येत नाही," मी आपलं म्हटलं, पण ते उत्तर नव्हतं हे मलाही कळत होतं.

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग माझं मनगट धरून मला अंड्यांच्या खोलीत ओढत घेऊन गेली. सकाळच्या गाडीचे ट्रे तिथंच होते. तिनं एक माझ्यापुढं ठेवला आणि जाळीचा रिकामा ट्रे शेजारी. स्वतः स्टुलावर बसली.

"लाव."

"आता?"

"लाव तू. आणि बाबांनी तुला माझे निरोप नीट सांगितले का, ते सांग."

मग काय, माझा बांधच फुटला. एकवीस दिवसांचं साचलेलं सगळं मी तिला सुनावलं. निरोप अर्धे पोचले नाहीत, किल्लीवरून टोमणे मारायची काय गरज होती, जेवताना ताटाकडे बघून बसायचं म्हणजे काय, आईशी असं वागतात का. हात आपले चालत होते. उचल, टिचकी, ठेव. उचल, टिचकी, ठेव. ट्रे संपला तेव्हा मी पार दमले होते, बोलून.

"सात," ती म्हणाली.

"सात काय?"

"सात अंडी उलटवलीस."

"हट्! वेड लागलंय तुला. मी कशाला उलटवू? मी नुसती उचलून ठेवते."

तिनं दुसरा ट्रे ठेवला. या वेळी मी स्वतःच्या हातावर डोळा ठेवला. आधी जमेना, बघायला गेलं की हात अडखळायचा, जिना उतरताना पावलं मोजायला गेल्यासारखं. मग एका अंड्यापाशी दिसलं. उचललं तेव्हा टोक वर होतं. टिचकी मारायला ते बोटांत जरा फिरवलं, आणि ठेवताना माझं मनगट वळलं. जाड बाजू वर. माझं मलाच कळलं नव्हतं! मी ते अंडं तसंच धरून बसले.

सासूबाई आठवल्या. पहिल्या आठवड्यात त्या माझ्या मागं उभ्या असायच्या, हातात लाकडी पट्टी. "लेकराला डोक्यावर उभं करतेस होय गं? जाड बाजू वर!" आणि मनगटावर चापट. पंधरा दिवस चापट्या खाल्ल्या, मग त्यांना काही बोलावं लागलं नाही, आणि मग मीही ते विसरून गेले. मी विसरले, पण मनगट विसरलं नाही.

धाकटीला बोलावलं. काही न सांगता ट्रे दिला. तिनं गप्पा मारत पाच उलटवली. पलीकडच्या टेबलावरचीनं सहा. एकूण एक बाई तेच करत होती आणि एकीलाही माहीत नव्हतं. तीस वर्षं फार्मवाले निष्काळजीपणे अंडी भरत होते, आम्ही ती मुकाट सरळ करत होतो, त्यामुळं त्यांना कधी कुणी बोललंच नाही. मशीन आलं आणि त्यांची चूक उघडी पडली. आमचं कामही.

"आई," लेक म्हणाली, आणि तिचे डोळे भरले होते, "मी मशीनमध्ये हात बनवला. तुझं मनगट बनवायचं राहिलं."

आम्ही तशाच मालकांकडे गेलो. मी टेबलावर दोन फोडलेली अंडी ठेवली आणि सगळं सांगितलं. मालकांनी ऐकून घेतलं, खुर्चीत मागं टेकले आणि हसले.

"मग झालं तर, मावशी! हातच बरे. तुम्ही आहात ना. मशीन हवंच कशाला?"

बघा, तो क्षण असा होता की मी नुसती मान हलवली असती तरी माझं राज्य परत माझ्या हातात आलं असतं. महिन्यापूर्वी हेच ऐकायला मी कान टवकारून बसले होते. शेजारी माझी पोर ओठ दाबून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मला पेचात टाकायला नको म्हणून.

"मालक," मी म्हटलं, "माझ्या ट्रेमध्ये शहाण्णव तडे निघाले. ते माझे आहेत. ही बोटं बघा, सकाळी मूठ मिटत नाही. अजून चार वर्षांनी शहाण्णवचे दीडशे होतील आणि मागची पिंपं सातवर जातील. उचलायचं काम माझ्यापेक्षा ते मशीन चांगलं करतं. मी सांगतेय हे, मी! दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याचं थोबाड रंगवलं असतं. उलटं अंडं ओळखायचं काम आमचं, उचलायचं त्याचं. अजून एक बॅच द्या."

"आणि तीही फसली तर?"

"तर पानाताई एकटी जाणार नाही. मीही चालले. तीस वर्षं इथं काढलीत, पण एका दिवसात जाईन."

लेकीनं तेव्हा पाहिलं माझ्याकडे.

मालकांनी बॅच दिली. मी गेले तर टेबलाचं काम बंद पडेल हे त्यांनाही ठाऊक होतं, मी काही वेडी नाही.

पुढचे आठ दिवस आम्ही दोघी एकत्र खपलो. तिनं काचेचं टेबल बनवलं, खालून दिवे. नवा प्लास्टिकचा ट्रे तळाला उघडा असतो, तो त्यावर ठेवला की उजेड अंड्यात जातो. सरळ अंडं खालून सारखं दिसतं. उलट्या अंड्याच्या बुडाशी हवेची पोकळी उजळते, नाण्याएवढी. दिवे आधी पांढरे लावले, डोळे दुखायला लागले. मी म्हटलं, पिवळे लाव, आणि खोली जरा अंधारी कर. तिनं वाद न घालता केलं, हे लिहून ठेवण्यासारखं. मग ट्रे दिव्यावर, उजळलेली तेवढी बोटांनी उलटवायची, आणि ट्रे मशीनखाली. मशीन तीसही एकदम उचलतं. ट्रेमागं तीसदा हात चालायचा तो पाच-सहादाच चालू लागला.

आणि मी फार्मवर गेले. तिथं अंडी भरणाऱ्या पोरी माझ्याकडे बघून फिदीफिदी हसल्या. एकीनं विचारलं, "मावशी, इकडून ठेवलं काय, तिकडून ठेवलं काय, अंडं ते अंडंच ना?" माझ्या हातात पट्टी नव्हती, नाहीतर सासूबाईंची आठवण जागवली असती. मी तिला खाली बसवलं, ते फोडलेलं अंडं दाखवलं आणि म्हटलं, "लेकराला डोक्यावर उभं करतेस होय गं?" ती हसायची थांबली. तीन दिवस मी तिथं राहिले. चौथ्या दिवशी ट्रेत सातची दोन झाली.

दुसरी बॅच लावली. या वेळी हाताच्या बाजूला धाकटी बसली, दिव्याच्या बाजूला मी, मशीनवर लेक. एकवीस दिवस मला धड झोप नव्हती आणि हे म्हणायचे, "आता टपालाचं काम नाही तर रात्रपाळी लावलीत का मला?" घरात दोघी सारख्या बोलत होतो. यांना तेही जड जात होतं.

एकविसाव्या दिवशी हॅचरचं दार उघडलं आणि तो आवाज आला. हजारो चोचींचा. तीस वर्षं ऐकतेय, पण त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी आत शिरले. मोजायला मालक स्वतः उभे राहिले. हातानं लावलेल्या तीन हजारांत दोन हजार चारशे नव्वद. मशीननं लावलेल्या तीन हजारांत दोन हजार सहाशे दहा.

धाकटी पहिली ओरडली. हरली होती ती, पण ओरडली तीच! पानाताईला मिठी मारून तिनं सगळ्या अंगाला पिसं चिकटवली. मालकांनी टोपी काढली, परत घातली, मग म्हणाले, "मशीन राहणार." आणि माझ्याकडे वळून, "आणि टिचकी मावशीही."

"ते तुम्ही सांगायची गरज नव्हती," मी म्हटलं.

आता मागच्या दाराशी रोजची दोनच पिंपं भरतात. लगद्याचा ट्रे आत येत नाही. वस्तीतल्या लोकांनी परत कागद आणला नाही. बाहेरच्या हॅचरीतले लोक बघायला येतात तेव्हा मालक सांगायला लागतात, "हे आमचं मशीन..." आणि मी मधेच म्हणते, "माझ्या मुलीचं." दर वेळी म्हणते. मालकांना सवय झालीय.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. त्या एकविसाव्या दिवशी आम्ही घरी आलो तर लेक यांच्या कापडं बेतायच्या टेबलाशी बसली, खाकी कागद ओढला, यांचाच खडू घेतला आणि काहीतरी आकडे मांडायला लागली. मी हातपाय धुऊन आले तरी तिचं चालूच.

"काय मांडतेस गं?"

"थांब. ट्रेमागं सहा धरली. दिवसाला दोनशे ट्रे. तीस वर्षं." तिनं खडूनं खाली रेघ ओढली. "एक कोटी आठ लाख. एवढी अंडी तू सरळ केलीस, आई. त्यातली सगळी काही मेली नसती. तिसरा हिस्सा धर. छत्तीस लाख पिल्लं झाली."

यांनी सुई तशीच हातात धरली होती. मी कागदाकडे बघितलं. एवढी शून्यं मी एका जागी कधी पाहिली नव्हती, आणि ती माझी होती. कुणी मला सांगितलं नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

"सुट्ट्या धरल्या नसशील," मी म्हटलं. काहीतरी बोलायला हवं ना.

"धरल्या. वर्षाचे तीनशेच दिवस घेतले."

लहानपणी ती कुठं पडली-आपटली की मी तिच्या कपाळावर हळूच टिचकी मारायचे आणि कान लावून म्हणायचे, बघू, तडा तर नाही ना गेला. ती रडता रडता हसायची. मी टेबलाला वळसा घालून तिच्यापाशी गेले, तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि वाकड्या बोटानं टिचकी मारली.

"काय म्हणतंय?" तिनं डोळे मिटून विचारलं.

"टणक आहे," मी म्हटलं.